परभणी जिल्ह्यातील संस्कृतीचे घटक

संस्कृतीचे घटक म्हणजे एखाद्या समाजाच्या सामाईक जीवनपद्धतीची मूलभूत अंगे होत. समाजशास्त्रात भाषा, मूल्ये व श्रद्धा, सामाजिक प्रमाणके, भौतिक वस्तू आणि प्रतीके हे घटक प्रामुख्याने मानले जातात. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांच्या १८७१ मधील व्याख्येनुसार, माणूस समाजाचा सदस्य म्हणून जे जे आत्मसात करतो त्या सर्वांचा संस्कृतीत समावेश होतो. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात हे घटक एकमेकांत गुंतलेले आढळतात. एकात बदल झाला की इतर घटकांवर आणि लोकांच्या वर्तनावर त्याचा परिणाम होतो.

भाषा

जिल्ह्याची प्रमुख भाषा मराठी असून उर्दू व तांड्यांवरील बंजारा बोलीही प्रचलित आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथील राज्यकारभार उर्दूतून चाले. गोदावरीला काठावरचे लोक ‘गंगा’ म्हणतात. गंगाखेड या नावातही तोच शब्द आहे. नदी ‘गंगा’ ठरल्यामुळे पर्वस्नान व अस्थिविसर्जनासाठी लोक तिच्या घाटावर येतात. ‘राम राम’, ‘जय भीम’, ‘सलाम’ आणि ‘राम कृष्ण हरी’ या अभिवादनांतून बोलणाऱ्याची सामाजिक ओळख व्यक्त होते.

मूल्ये व श्रद्धा

तेराव्या-चौदाव्या शतकातील संत जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या. पंढरपुरात संत नामदेवांच्या घरी त्या दासी होत्या. दळणकांडणात विठ्ठल सोबत करतो, हा त्यांच्या अभंगांतील भाव श्रमाला प्रतिष्ठा देतो. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. या आचारात वय व जात यांचा भेद निदान वारीपुरता बाजूला ठेवला जातो. परभणीतील सय्यद शाह तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात हिंदू व मुस्लिम दोघेही सहभागी होतात. हा उरूस दरवर्षी फेब्रुवारीत भरतो.

सामाजिक प्रमाणके

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी १९०६ मध्ये लोकरीती व लोकनीती असा भेद केला. लोकरीती मोडल्यास माणूस टीकेचा वा थट्टेचा विषय होतो. लोकनीती मोडल्यास समाज त्याला कठोर शिक्षा करतो. हुरड्याला शेजारी-पाहुण्यांना शेतावर बोलावणे ही लोकरीत आहे. जातीबाहेरच्या विवाहाला होणारा विरोध मात्र लोकनीतीचे रूप घेतो. शेतीतील सालगड्याचा वर्षभराचा करार गुढीपाडव्याला ठरवण्याची प्रथा आहे. म्हणजे सणाचा दिवस आर्थिक व्यवहाराचीही मुदत ठरवतो.

भौतिक संस्कृती

जात्यावर दळताना स्त्रिया ओव्या गात. सासुरवास, माहेरची ओढ आणि जनाबाईची आठवण त्यांत असे. पिठाची गिरणी आल्यावर स्त्रियांचे कष्ट कमी झाले, पण ओवीला मिळणारा नित्याचा प्रसंगही गेला. ट्रॅक्टरमुळे बैलांची संख्या घटली, तरी पोळा साजरा होतो. बैल नसलेल्या घरांत मातीच्या बैलांची पूजा केली जाते. अशा ठिकाणी वस्तू आधी बदलते आणि श्रद्धा मागाहून बदलते किंवा टिकून राहते. या तफावतीला विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ मध्ये ‘सांस्कृतिक पश्चायन’ या अर्थाची संज्ञा दिली.

प्रतीके

प्रतीकाचा अर्थ समाज ठरवतो, म्हणून त्यावरून ऐक्याप्रमाणे संघर्षही घडतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला. त्यानंतर परभणीसह मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड करण्यात आली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि अटक झालेल्या एका तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. समतेचे मूल्य ज्या वस्तूत साकार झाले असे एक समूह मानतो, तिच्यावरील आघात त्याला स्वतःच्या प्रतिष्ठेवरील आघात वाटतो.