शृंगार आणि शुद्धी : बालसरस्वतींचा कलाविचार

चेन्नईचे जॉर्ज टाउन म्हटले की बंदर, उच्च न्यायालय आणि घाऊक बाजाराच्या अरुंद गल्ल्या आठवतात. याच वस्तीत वीणा धनम्माळ (१८६७–१९३८) यांचे घर होते. तेथे शुक्रवारी संध्याकाळी त्यांची वीणा ऐकायला शहरातले जाणकार जमत. भरतनाट्यम नर्तकी टी. बालसरस्वती (१९१८–१९८४) या त्यांच्या नात. माणसाच्या प्रेमवासनेला कलेत स्थान असावे का, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आपण येथे पाहू.

पार्श्वभूमी

या घराण्याची मुळे तंजावरच्या दरबारात आहेत. तेथे १६७६ ते १८५५ या काळात भोसल्यांचे राज्य होते. दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८–१८३२) यांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. त्यांच्याच आश्रयाला असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार भावांनी आजच्या नृत्यप्रयोगाचा क्रम बसवला, असे मानले जाते. बालसरस्वतींचे गुरू कंदप्पा पिळ्ळै याच भावांच्या कुळातले.

वाद

ही कला देवदासी स्त्रियांनी जपली होती. लहान मुलींना देवाला वाहण्याची प्रथा बंद व्हावी म्हणून डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी झटल्या. त्यांच्या आईही याच समाजातल्या होत्या. १९४७ साली मद्रास प्रांतात तसा कायदा झाला. प्रथेतील अन्याय खरा होता. पण प्रथेबरोबर कलाही बदनाम झाली आणि तिच्यावर जगणाऱ्या कुटुंबांचा आधार सुटला. दुसरीकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली कलाक्षेत्राची स्थापना केली आणि नृत्याला सुशिक्षित घरांत प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र ते करताना शृंगाराला मागे सारून भक्तीवर भर दिला.

बालसरस्वतींचे उत्तर

बालसरस्वतींना ही 'शुद्धी' मान्य नव्हती. त्यांच्या मते शृंगार हाच नृत्यातील श्रेष्ठ भाव, कारण जीव आणि ईश्वर यांच्या मीलनाची ओढ त्याच्याइतकी दुसऱ्या कशातूनही व्यक्त होत नाही. क्षेत्रय्याच्या तेलुगू पदांतली नायिका रुसते, वाट पाहते, टोमणे मारते, आणि तिचा प्रियकर असतो साक्षात कृष्ण. तिचे माणूसपण वजा केले तर भक्तीलाही आधार उरत नाही.

१९७५ साली तमिळ इसै संगमच्या परिषदेत त्यांनी नृत्यप्रयोगाची तुलना मंदिराशी केली. अलारिप्पु हे गोपुर, जतिस्वरम् हा अर्धमंडप आणि शब्दम् हा मंडप. वर्णम् म्हणजे देवाच्या सान्निध्यात प्रवेश, आणि पदम् म्हणजे गाभाऱ्यातली शांतता. तिल्लाना ही शेवटची कापूरआरती.

या मांडणीत शृंगारिक पदांची जागा नीट पाहा. जे इतरांना लपवावेसे वाटत होते, ते त्यांनी थेट गाभाऱ्यात ठेवले आहे. हा विचार त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या रियाझातून आणि अनुभवातून सुचला होता. म्हणून कलेच्या सुधारणेचा इतिहास वाचताना सुधारकांच्या हेतूंबरोबर कलावंतांचे म्हणणेही पुरावा म्हणून वाचले पाहिजे.

विचारासाठी प्रश्न : प्रथा अन्यायकारक असेल, तर तिच्यात वाढलेल्या कलेवर पहिला हक्क कोणाचा?