श्रद्धेचे आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य : कलम १९ व २५ काय सांगतात?

वस्त्यांमध्ये काम करताना तरुण आम्हाला विचारतात, "धर्मावर काही लिहिले की 'भावना दुखावल्या' म्हणून तक्रार होते. मग संविधानातले स्वातंत्र्य कुठे आहे?" त्यासाठी दोन कलमे नीट समजून घ्यायला हवीत.

कलम १९ प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्यास चिथावणी अशा ठरावीक कारणांसाठीच त्यावर वाजवी बंधने घालता येतात. 'भावना दुखावणे' हे कारण त्या यादीत नाही. धार्मिक भावनांविषयीचा गुन्हा (पूर्वीचे कलम २९५अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९९) होण्यासाठी जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतू असावा लागतो. चिकित्सा म्हणजे दुष्ट हेतू नव्हे.

कलम २५ नागरिकांनाच नव्हे, सर्व व्यक्तींना सद्सद्विवेकाचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व प्रसाराचे स्वातंत्र्य देते. तरीही गुजरातमध्ये एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात येण्यासाठीही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. आपली श्रद्धा सरकारी अर्जावर अवलंबून असेल, तर ती स्वतंत्र कशी म्हणावी?

ही दोन्ही स्वातंत्र्ये एकमेकांवर उभी आहेत, हे आपल्या चळवळीचा इतिहास सांगतो. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या अध्यक्षीय भाषणातील मजकुरावर आक्षेप घेतला आणि परिषद झालीच नाही. बाबासाहेबांनी एक शब्दही न बदलता ते भाषण स्वखर्चाने छापले. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रकाशित केल्यावर वाद पेटला. १९८८ च्या फेब्रुवारीत आंबेडकरी जनता मुंबईत रस्त्यावर उतरली. अखेर मजकूर राहिला, त्यातील मतांशी शासन सहमत नसल्याची टीप तेवढी जोडली गेली.

हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील तीन ख्रिस्ती मुलांना संरक्षण दिले. श्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत म्हणत नव्हती, पण आदराने उभी राहत होती. आपल्यावर कोणी टीका केली, तर तिला उत्तर विचारानेच द्यावे लागेल. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टी तपासून घ्यायला सांगितले. तपासायचे तर आधी प्रश्न विचारता आला पाहिजे.

म्हणून लिहा, पण पुराव्यासह लिहा. टीका विचारावर करा, माणसावर किंवा समाजावर नको. नोटीस आली तर घाबरून पोस्ट पुसण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

जय भीम!