प्रश्नपेढीची राखण : ईटीएसची वाटचाल

अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, कार्नेगी फाउंडेशन आणि कॉलेज बोर्ड यांनी आपापले चाचण्यांचे काम एकत्र केले आणि १९ डिसेंबर १९४७ रोजी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजेच ईटीएस, अस्तित्वात आली. हेन्री चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष होते.

संस्थेतील फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५२ मध्ये उमेदवाराची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच पट्टीवर मोजण्याचा सिद्धान्त मांडला. मेल्विन नोविक यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या १९६८ च्या ग्रंथाने आणि त्यातील अ‍ॅलन बर्नबॉम यांच्या प्रकरणांनी त्याला भक्कम गणिती बैठक दिली. प्रत्येक उमेदवारागणिक प्रश्न निवडायचे, तर पुढची वाट मात्र संगणकांसाठी अडली.

अखेर १९९३ मध्ये ईटीएसची जीआरई, ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, संगणकावर अनुकूली रूपात आली. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा. परीक्षार्थीला दिसे ते एवढेच. खरे कष्ट त्याआधीचे. तज्ज्ञ प्रश्न लिहितात, दुसरे तो तपासतात, कोणत्याही समाजगटावर त्यामुळे अन्याय होत नाही ना, हेही पाहतात. मग खऱ्या परीक्षार्थींकडून तो गुणांविना सोडवून घेतला जातो. या उत्तरांवरून तीन आकडे निघतात : काठिण्य, हुशार व कच्चा उमेदवार वेगळा करण्याची क्षमता आणि निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता. कितीतरी प्रश्न इथेच गळतात.

एवढ्या मेहनतीने साठवलेली प्रश्नपेढी फुटायला फार काळ लागला नाही. परीक्षा वारंवार आणि प्रश्न तेच; त्यातही सर्वांत कसदार प्रश्न संगणक पुन्हा पुन्हा निवडणार! १९९४ च्या अखेरीस एका खासगी शिकवणी संस्थेच्या माणसांनी परीक्षेला बसून प्रश्न पाठ करून आणले. जीआरईची संगणकीय परीक्षा काही दिवस थांबवावी लागली, प्रकरण न्यायालयात गेले. मार्था स्टॉकिंग आदी संशोधकांनी एकच प्रश्न किती जणांपुढे जावा यावर मर्यादा घालणाऱ्या पद्धती घडवल्या. तरी २००२ मध्ये पाठ केलेले प्रश्न इंटरनेटवर फिरू लागले आणि चीन, तैवान व दक्षिण कोरियात पुन्हा कागदी परीक्षा घ्यावी लागली. शब्दांच्या याद्या घोकून जीआरईला बसलेल्या पुण्या-मुंबईच्या पिढीला या घोकंपट्टीचे नवल वाटू नये.

ऑगस्ट २०११ पासून प्रत्येक प्रश्नाऐवजी पूर्ण विभागानंतर काठिण्य बदलते. त्यामुळे उमेदवाराला विभागात मागे जाऊन उत्तर सुधारता येते आणि विभागाची जुळणी तज्ज्ञांना आधीच नजरेखालून घालता येते. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत आली. भाषा व गणिताचे मिळून ५४ प्रश्न उरले. एकेका प्रश्नावरचा भार तेवढा वाढला आहे.