दाणा, चोच आणि आपली जीवदया



ऑगस्ट २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि आंदोलकांनी ती ओढून काढली. त्यात आपल्या बायकाही होत्या. तेव्हापासून ठाणे-डोंबिवलीतही देरासरातून बाहेर पडताना कोणी ना कोणी विचारतंच, "दाणे टाकायचे की नाही?"

ही चाल जुनी. कच्छ-गुजरातच्या गावांत चबुतरो असतो. उंच खांबावर नक्षीदार छत्री, त्यात पाखरांचा दाणा, मांजरापासून लांब. आपली माणसं व्यापाराला मुंबईत आली, तेव्हा जीवदयाही सोबत आली. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला घेतली. पारशी चिडले, जैन-हिंदूही त्यांच्याबरोबर उभे राहिले. १८३४ मध्ये मोतीशा शेठ आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी भुलेश्वरला पांजरापोळ काढली. दादरचा कबुतरखाना १९३३चा.

गावाकडे त्याच दाण्यावर चिमणी, होला, पोपट सगळे येतात. मग शहरात कबूतरच का उरलं? थोडं चोचीमुळे. चिमणी एकेक दाणा चोचीत फिरवून साल काढते. कबूतर सोलत बसत नाही, अख्खा दाणा गिळतं. पोटातले बारीक खडे तो भरडतात. (टोच मारताना ते शेवटच्या क्षणी डोळे मिटतं, इतका त्याचा नेम पक्का!) आणि थोडं घरामुळे. त्याचे पूर्वज कड्याकपारीत राहणारे, त्याला घोडबंदर रोडचे टॉवर म्हणजे कडेच. चिमणीला लागतात कौलांच्या, भिंतींच्या फटी. कल्याणचे जुने वाडे पडले, तशा त्याही गेल्या.

विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काहींची फुप्फुसं कायमची निकामी होतात. शेजारच्या आजींचं फुप्फुसही पंचेंद्रिय जीवाचंच आहे. म्हणून बाल्कनीत, एसीच्या पेटीवर दाणा टाकणं मला अनुकंपा वाटत नाही.

पण एका दिवसात दाणा तोडणंही पटत नाही. कबुतराची पिल्लं पहिले काही दिवस दाणा खातच नाहीत. आई आणि बाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं अन्न त्यांना भरवतात. मोठी उपाशी राहिली की घरट्यातली आधी जातात. म्हणून परवानगी असेल तिथेच, वस्तीपासून लांब, आणि दर आठवड्याला थोडा कमी. आमच्या घरी ज्वारी आता निम्मीच येते, उरलेले पैसे पांजरापोळीच्या डब्यात जातात.