बैलाचे दात मोजले, घरचे राहिले

बैल घ्यायचा तर आधी त्याचं तोंड उघडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आबा जनावरांच्या बाजारात डाव्या हातानं वेसण धरायचे, उजव्या हातानं खालचा ओठ मुडपायचे आणि एका नजरेत सांगायचे, "चारदाती हाय. पुढं ने." दुधाचेच दात असले तर गोऱ्हा आदत. मधले दोन पडून पक्के आले की दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि आठही पक्के आले की बैल जुळला. गुराला वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच, म्हणून सगळा हिशेब खालच्या आठ दातांवर. किंमत त्यावरच ठरायची. व्यापारी कितीही बोलो, दात खोटं बोलत नाहीत असं आबा म्हणायचे.

ही विद्या मला बाराव्या वर्षीच आली होती. पण माझ्या मायच्या तोंडातले दात एकेक करून कधी गेले, ते मी कधी मोजलं नाही. आज पासष्टीत आलोय, माझेही सात गेलेत, म्हणून घरातल्या तीन पिढ्यांच्या दातांचा हिशेब मांडावा म्हणतो.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीपासून दोन कोसांवर. माझ्या लहानपणी गावात ब्रश नावाची वस्तू शाळेच्या गुरुजींकडं तेवढी होती. बाकी सगळ्यांना राखुंडी. गोवऱ्यांची राख चाळायची, त्यात मीठ घालायचं आणि बोटानं घासायचं. गडीमाणसं शेताकडं जाता जाता बाभळीची नाही तर लिंबाची काडी मोडायची, एक टोक चावून मऊ करायची आणि बांधावर बसून निवांत दात घासायची. राखुंडी खरखरीत असायची, दातांची झीज करायची, हे आता डॉक्टर सांगतात. पण आबांचे दात साठीपर्यंत टिकले, त्याचं श्रेय मी राखुंडीला देत नाही. खाणंच तसं होतं. ज्वारी-बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. गोड म्हणजे सणाला गूळ. साखर रेशनवर मिळायची, ती पाहुण्याच्या चहापुरती. दाताला कीड लागायला गोड लागतं, ते घरात नव्हतंच.

पुढं दुकानात माकड छाप काळी पावडर आली, विको वज्रदंती आली. कोलगेटच्या पांढऱ्या पावडरीचा डबा आमच्या घरी पहिल्यांदा आला तो मी दहावीत असताना. अकरावीची मॅट्रिक जाऊन नवी दहावी आली, त्यातल्या सुरुवातीच्या बॅचमधला मी. परीक्षेचं केंद्र तालुक्याला होतं आणि तोंडाला वास नको म्हणून मामानं डबा दिला होता. मी तो दोन महिने पुरवला. घरातल्या दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नाही. तो शिकणाऱ्या पोराचा होता.

बायकांचं वेगळं होतं. बायकांना मिश्री.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची आणि डबीत भरून ठेवायची. भाजताना घरभर ठसका उठायचा. सकाळी चूल पेटवायच्या आधी बाई डबी घेऊन बसणार आणि पहिल्या बोटानं दातांवर, हिरड्यांवर घोळवत राहणार. दिवसातून दोनदा, तीनदा. नाव दात घासायचं, काम तंबाखूचं.

माझी माय लग्नाआधी मिश्री लावत नव्हती. ती लागली 1972 च्या दुष्काळात. मी तेव्हा तेरा वर्षांचा. रानात काही उगवलं नव्हतं. आख्खं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं. दिवसाला दोन-अडीच रुपये हाताला लागायचे. खायला मिलोची लाल ज्वारी, पोरांना सुकडी. त्या उन्हाळ्यात मायची दाढ सुजली. गाल इतका वर आला की डोळा झाकला. कामावर नाही गेलं तर हजेरी बुडते, म्हणून ती तशीच गेली. बाजूला खडी फोडणाऱ्या बाईनं चिमूटभर मिश्री दिली आणि म्हणाली, "लाव हिरडीला. दाढंची कळ बी जाती आन् भूक बी मरती."

दोन्ही खरं होतं. कळ दबली, भूक मेली. पण दाढेचं दुखणं तिथंच होतं, आत मुरत. पुढच्या वर्षी पाऊस पडला, काम बंद झालं, मिश्री राहिली. आमच्या गावातल्या किती बायकांच्या हातात ती डबी त्याच खडीवर आली, हे मला नंतर एकेकीला विचारल्यावर कळलं. दुष्काळाचा इतिहास लिहिणारे विहिरी आणि तलाव मोजतात. आमच्या घरात तो दुष्काळ मायच्या तोंडात राहून गेला.

दाताचं दुखणं म्हणजे कीड, आणि कीड म्हणजे खरोखरची अळी, असा समज होता. वर्षातून एकदा वैदू यायचे. एक म्हातारी वैदीण भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायची, धूर नळीनं दुखणाऱ्या दाढेत सोडायची आणि खाली पाण्याचं ताट ठेवायची. थोड्या वेळानं ताटात पांढरे बारीक धागे तरंगायचे. "ह्या बघ आळ्या!" सगळी आळी बघायला जमायची. मायच्या दाढेतून अशा नऊ आळ्या निघाल्याचं मी स्वतः मोजलंय. आता समजतं, ते धागे भाजलेल्या बियांतूनच पडत असणार. पण धुरानं दोन दिवस बधिर वाटायचं, आणि शेरभर ज्वारीत दोन दिवसांची झोप मिळत असेल तर सौदा महाग नव्हता.

आठवडी बाजारात दात काढणारा बसायचा. पोत्यावर काढलेल्या दातांचा ढीग, दोन चिमटे, एक लाल पाण्याची बाटली. आबांची दाढ त्यानंच काढली. इंजेक्शन नाही, काही नाही. दोन माणसांनी खांदे धरले. रक्त दोन दिवस थांबेना, आबा फडकं चावून पडून होते. त्या माणसाला मी शिव्या घालत नाही. त्याच्याशिवाय होतंच कोण?

मी नंतर वाचलं, दाताच्या डॉक्टरांसाठी देशात कायदा झाला तो मार्च 1948 मध्ये. नोंदणी असल्याशिवाय दातांचा धंदा करायचा नाही. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. मराठवाडा मोकळा झाला 17 सप्टेंबर 1948 ला. मुंबईत नायर हॉस्पिटलचं दातांचं कॉलेज 1933 सालीच सुरू झालं होतं. नागपूरला सरकारी कॉलेज झालं 1968 ला आणि आमच्या मराठवाड्यात, औरंगाबादला, 1982 मध्ये. म्हणजे कायदा झाल्यावर चौतीस वर्षांनी आमच्या भागात दातांचे डॉक्टर शिकवायची सरकारी सोय झाली. तोवर माय पंचेचाळिशीत आली होती आणि तिचे पुढचे चार दात राहिले होते.

1994 ला तेही गेले. मी तिला बीडला दाखवलं. डॉक्टरांनी कवळीचे अडीच हजार सांगितले. त्याच साली आमचा जुना बैल बसला होता. कापसाचे पैसे आले, मी बाजारात गेलो, ओठ मुडपून बघितला आणि सहा हजाराला चारदाती गोऱ्हा आणला. मायला म्हणालो, "पुढच्या सुगीला तुझं करू." ती म्हणाली, "बैलाचं आधी बघ. मला काय आता चणे खायचेत?"

पुढच्या सुगीला बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या सुगीला बोंडअळी. माय चार वर्षं भाकरी कालवणात कुस्करून, गिळून खात राहिली. वाळत गेली. 1998 च्या थंडीत गेली. ती दातांमुळं गेली असं मी म्हणणार नाही. पण चार वर्षं नीट चावून जेवली असती, एवढं माझ्या हातात होतं. अडीच हजार नव्हते असं नाही. दात खर्चात धरायची गोष्टच नव्हती. बी-बियाणं, लग्न, कोर्ट, दवाखाना, सगळ्याला वहीत रकाना होता. दाताला नव्हता.

सगळ्यात वाईट हे की एवढं बघूनही मी शहाणा झालो नाही. आमची मंडळी घरात आली तेव्हा मिश्री लावत नव्हती. सासूच्या शेजारी बसून लावायला लागली. आणि बाजारातून तंबाखूचा पुडा कोण आणायचं? मीच. किराणा, तेल, तंबाखू, अशी यादीच असायची. 1992 ला सरकारनं दंतमंजनात, पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते. तव्याला कोण बंदी घालणार?

2006 मध्ये तिला तिखट सोसेना. तोंडात आग व्हायची. मी मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदा तिच्या तोंडात बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, पांढरा चट्टा होता, रुपयाएवढा. मिश्रीचं बोट फिरायचं बरोब्बर तिथंच.

एसटीनं तीन तास लागले. औरंगाबादच्या सरकारी दातांच्या दवाखान्यात केसपेपर काढला. लायनीत आमच्यासारखीच माणसं होती. एका शिकाऊ डॉक्टरणीनं आरसा लावून बघितलं, मोठ्या मॅडमना बोलावलं. चट्ट्याचा बारीक तुकडा तपासायला घेतला आणि आठ दिवसांनी या म्हणाल्या.

ते आठ दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. ती कपाशी वेचायची, मी पाणी द्यायचो. रात्री एकदाच ती म्हणाली, "आवं, धाकटीचं लगीन तेवढं बघा." मी उठून बाहेर गोठ्यात जाऊन बसलो.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. मॅडम म्हणाल्या, "पण ही वाट तिकडंच जाते, बाई. आज मिश्री सोडली तर परत फिरता येईल. दर तीन महिन्यांनी दाखवायला या." मग माझ्याकडं बघून विचारलं, "आणि तुम्ही, काका?" माझ्या खिशात चंची होती. तंबाखू, चुना, सगळं साहित्य. मंडळी पटकन बोलली, "त्यांनी सोडली तर मी सोडते." मी चंची तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकली. खरं सांगतो, बसस्टँडवर येईपर्यंत हात चारदा खिशाकडं गेला.

सोडणं सोपं नव्हतं. तिचं डोकं दुखायचं, सकाळी पोट साफ होईना, चिडचिड व्हायची. बडीशेप आणि लवंग डबीत भरून दिली, हाताला डबी तरी राहू दे म्हणून. तीन-चार महिने लागले. चट्टा हळूहळू फिका झाला. हलणारे पाच दात सरकारी दवाखान्यातच काढले. पुढं कवळी बसवली, तेव्हा वहीत पहिल्यांदा रकाना पाडला आणि वर लिहिलं, 'दात'. त्या सुगीला कापूस विकून आल्यावर पहिले पैसे त्या रकान्यात ठेवले. कवळी लावून ती पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा तिनं मुद्दाम भाजलेला हरभरा मागितला. मला माय आठवली. मी काही बोललो नाही.

आता घरात नातवंडं आहेत. त्यांना ना राखुंडी, ना मिश्री. पण पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा दिवसातून दोनदा, चहात बुडवून. थोरला नातू आठ वर्षांचा, त्याच्या दोन दाढा काळ्या पडल्या. सूनबाई म्हणाली, "मामा, दुधाचेच हायेत, पडतीलच." माझाही तोच समज होता. पण तालुक्याच्या डॉक्टरांनी समजावलं. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि पक्क्या दाढांची जागा धरून ठेवतात. आणि सहाव्या वर्षी शेवटाला जी दाढ येते, ती दुधाची नसतेच, ती जन्माची. ती पडली की परत येत नाही. कीड लहान आहे तोवर दाढ भरायला काही शे रुपये लागतात. ती नसेपर्यंत गेली की रूट कॅनॉलला तीन-चार हजार, वर टोपीचे वेगळे. विहिरीचं दगडकाम ढासळायला लागलं की दोन दगडांत भागतं, थांबलं तर आख्खी विहीर. हा हिशेब शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको होता.

म्हणून आता आमच्या घरी एक नेम आहे. अमावास्येला औत बंद असतं. त्या दिवशी सकाळी ओसरीच्या उजेडात सगळ्यांची तोंडं बघायची. पोरांच्या दाढा, सुनांच्या हिरड्या, म्हातारा-म्हातारीच्या तोंडात कुठं चट्टा, न भरणारी जखम. दोन आठवड्यांत बरं झालं नाही तर ग्रामीण रुग्णालयात जायचं, तिथं केसपेपरवर भागतं. रात्री झोपायच्या आधी प्रत्येकानं ब्रश करायचा, फ्लोराइडची साधी पेस्ट, पोरांना वाटाण्याएवढी. बिस्किट खायचं तर जेवणासोबत, मधल्या वेळी भुईमुगाच्या शेंगा. यात महागाचं काही नाही.

मागच्या अमावास्येला नातवानं माझंच तोंड उघडायला लावलं. डाव्या हातानं माझी हनुवटी धरली, उजव्या हातानं खालचा ओठ मुडपला, अगदी आबांसारखा. बराच वेळ मोजलं आणि आजीला ओरडून सांगितलं, "आजे, आबाचे पंचवीस हायेत!"

ती आतून म्हणाली, "वहीत लिहून ठेव."