९ गुंठे उसनी जमीन : युगांडातील निर्वासितांच्या परसबागांचा इतिहास

१/ निर्वासित म्हटले की तंबूंच्या रांगा, काटेरी कुंपण आणि शिध्यासाठी ताटकळणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. पूर्व आफ्रिकेतील युगांडात मात्र निर्वासित कुटुंबाला शिध्याबरोबर जमिनीचा तुकडाही दिला जातो. ही रीत कशी रुजली आणि एवढ्याशा तुकड्यावर कुटुंबाचे पोट कसे भरावे, याविषयीचा हा थ्रेड.

२/ आरंभ दुसऱ्या महायुद्धातला. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पोलिश नागरिकांना मोठ्या संख्येने सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४२ मध्ये त्यांतील अनेकजण इराणमार्गे बाहेर पडले. काहींना कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५ हजार पोलिश राहत होते. त्यांच्याच हजारो देशबांधवांना ब्रिटिशांनी युगांडात पाठवले.

३/ मसिंदीजवळच्या न्याब्येया येथे, बुडोंगो अरण्यालगत, त्यांची वसाहत उभी राहिली. त्यांनी रान साफ केले, घरे व शाळा बांधल्या, शेती केली. त्यांनी बांधलेले चर्च आजही तेथे आहे. युद्ध संपल्यावर ते निघून गेले. परंतु निर्वासितांना छावणीत कोंडण्याऐवजी जमिनीवर वसवण्याचा नमुना मागे राहिला.

४/ १९५९ मध्ये रवांडात हिंसाचार उसळला आणि तुत्सी कुटुंबे सीमा ओलांडून युगांडात आली. त्यांच्यासाठी नैर्ऋत्येकडे नाकिवाले वसाहत स्थापन झाली. ती आजही चालू आहे. सहा दशकांहून अधिक काळ टिकलेल्या वस्तीला ‘तात्पुरती’ म्हणणे किती फसवे असते, याचे हे बोलके उदाहरण.

५/ पुढे यजमानच निर्वासित झाले. १९७९ मध्ये इदी अमीनची सत्ता कोसळली. अमीन हा वायव्येकडील वेस्ट नाईल प्रदेशाचा. त्यामुळे सूडाचा रोख तेथील जनतेवर वळला. गावेच्या गावे सुदान आणि झैरमध्ये पळाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बहुतेकजण परतले, तेव्हा परक्या मातीत पेरणी करणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

६/ म्हणूनच सुदानमधील युद्धातून पळालेले लोक त्यांच्या दारी आले, तेव्हा जुनी ओळख कामी आली. १९९९ मध्ये युगांडा सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यांनी वेस्ट नाईल भागात ‘स्वावलंबन धोरण’ राबवण्यास आरंभ केला. २००६च्या निर्वासित कायद्याने काम करण्याचा व देशात फिरण्याचा हक्कही मान्य केला.

७/ खरी कसोटी पुढे होती. जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथे पुन्हा युद्ध पेटले. ऑगस्टमध्ये युंबे जिल्ह्यात उघडलेल्या बिडीबिडी वसाहतीत डिसेंबरपर्यंत सुमारे २ लाख ७० हजार लोक जमा झाले. एप्रिल २०१७ मध्ये लामवो जिल्ह्यात पालाबेक वसाहत सुरू झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये युगांडातील दक्षिण सुदानी निर्वासितांची संख्या १० लाखांवर गेली.

८/ कुटुंबामागे ठरलेली जमीन होती साधारण ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम ९ गुंठे. त्यातच घर, अंगण, चूल आणि शौचालय. माती अनेक ठिकाणी खडकाळ. सरपणासाठी झाडे तुटलेली. मुसळधार पावसात वरचा थर वाहून जाणारा. अशा जागी एकच एक मका पेरून वर्ष निघणे शक्य नव्हते.

९/ येथे पर्माकल्चर उपयोगी पडले. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये ‘पर्माकल्चर वन’ या पुस्तकातून हा विचार मांडला. नावाचा उगम ‘कायमस्वरूपी शेती’ या अर्थाच्या शब्दांतून झाला आहे. निसर्गाची घडी ओळखून पाणी, माती, झाड आणि माणूस यांची परस्परपूरक मांडणी करणे, हे त्याचे सार.

१०/ पालाबेकमध्ये ‘आफ्रिकन विमेन रायझिंग’ या संस्थेने ‘पर्मागार्डन’ ही त्याची सुटसुटीत पद्धत निर्वासितांपर्यंत नेली. प्रथम उतार पाहायचा. पाणी कोठून येते, कोठे जाते हे ठरले की आडवे समतल चर खणायचे. महाराष्ट्रातील पाणलोटाच्या कामात जे डोंगरउतारावर होते, तेच येथे अंगणात. पावसाचे पाणी थांबते, मुरते आणि माती जागेवर राहते.

११/ मग वाफे खोल खणून भुसभुशीत करायचे. त्यांत शेण, राख, कोळशाचा चुरा, पालापाचोळा मिसळायचा. भांडी घासल्याचे पाणी वाया न घालवता झाडांना द्यायचे. वाफ्यांत राजगिरा, चवळी, भेंडी, भोपळा. कडेने पपई आणि शेवगा. विकत आणावे लागेल असे यात फारच थोडे असते.

१२/ या वसाहतींत स्त्रिया आणि मुलांचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक आहे, त्यामुळे बागेचा भार आणि निर्णय बहुधा स्त्रियांकडे. शिध्यात मुख्यतः धान्य, कडधान्य व तेल मिळते, पालेभाजी नाही. ती उणीव परसबाग भरून काढते. एप्रिल २०२० मध्ये निधीअभावी शिधा ३० टक्क्यांनी, तर फेब्रुवारी २०२१ मध्ये एकूण ४० टक्क्यांनी घटला, तेव्हा दाराशी असलेल्या या चार वाफ्यांचे मोल अधिकच वाढले.

१३/ तथापि परसबाग शिध्याची जागा घेऊ शकत नाही. ९ गुंठ्यांत भाजी पिकते, वर्षभराचे धान्य नाही. शिवाय जमीन उसनी आहे. युगांडाच्या १९९५च्या राज्यघटनेनुसार जमिनीची मालकी नागरिकांची, आणि उत्तरेत ती बहुतांशी कुळांच्या परंपरागत ताब्यात. निर्वासिताला कसण्याची मुभा मिळते, मालकी नाही.

१४/ त्यामुळे प्रत्येक झाड हा नाजूक प्रश्न ठरतो. शेवगा लावला तर निर्वासिताला काही वर्षे येथेच राहण्याचा विचार करावा लागतो, आणि जमीनमालकाला ते मान्य असावे लागते. मदतीतील साधारण ३० टक्के वाटा स्थानिकांसाठी ठेवण्याचे युगांडाचे तत्त्व याच कारणाने महत्त्वाचे आहे. यजमानांच्या अंगणातही चर खणले गेले, तरच शेजारच्या निर्वासिताचे झाड सुरक्षित राहते.

१५/ न्याब्येयातील पोलिश काही वर्षांत गेले. नाकिवालेत मात्र नव्या युद्धांतून नवी कुटुंबे येतच राहिली. आपण किती काळ राहणार, हे येणाऱ्या कोणालाच ठाऊक नसते. पालाबेकमधील स्त्रिया ते ठाऊक नसतानाच पहिल्या पावसाआधी चर खणतात आणि बांधावर पपईचे रोप लावतात.