हजेरीच्या वहीतले बालपण

बेळगावाहून जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाणारी वाट पूर्वी मुंबई इलाख्याची हद्द ओलांडून पोर्तुगीज अंमलातील गोव्यात उतरे. आणि अशा रानमुलखाच्या वाटांनी गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या माणसांविषयी सरकारदरबारी कायमच संशय असे.

हा संशय त्यांच्या मुलांपर्यंतही पोहोचे. दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथांत एक कथासूत्र हल्ली वारंवार येते: शाळेत ज्याची सतत टवाळी झाली, तो मुलगा मोठेपणी सूड तरी घेतो, नाहीतर आतून खचून जातो. हे सूत्र खोटे नव्हे. मात्र त्यातील छळवादी बहुधा वर्गातलेच दांडगट असतात. आपल्या इलाख्यात अशा भटक्यांच्या मुलांचा छळ सरकारनेच दप्तरी दाखल करून घेतला होता.

१८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा अंमल १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला, आणि कैकाडी, पारधी, भामटे इत्यादी जमातींतील माणसे, त्यांनी काही केलेले असो वा नसो, नोंदवहीत चढू लागली. बोटांना शाई फासून ठसे घ्यावेत, ठरल्या वेळी हजेरी घ्यावी, नेमल्या हद्दीबाहेर परवान्यावाचून पाऊल टाकू देऊ नये, असा हा बंदोबस्त होता. सोलापूर, हुबळी येथे वसाहती झाल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची माणसे गिरणीत राबत. १९२४ च्या कायद्यातील सतरावे कलम तर सहा वर्षांवरील मूल आईबापांपासून तोडून सुधारशाळेत धाडण्याची मुभा देई. ज्या मुलाला कायदाच जन्मतः चोर म्हणतो, त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलांनी पेन्सिल हरवताच त्याच्याकडे बोट दाखवले, तर त्या मुलांना एकट्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. लोकांच्या तोंडचा ‘चोर’ हा शब्द मात्र टिकला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने स्वातंत्र्योत्तर काळातील आहेत, तरी घरावर पडणारे पोलिसांचे छापे आणि गावची हेटाळणी यांच्या छायेतच त्यांतील शिक्षण चालते. बंगालमध्ये अशाच गुन्हेगार ठरवलेल्या लोधा-शबर जमातीतील पहिली पदवीधर स्त्री चुनी कोटाल हिने विद्यापीठातील जाचाला कंटाळून १९९२ मध्ये आत्महत्या केली. तिच्या जमातीच्या कपाळावरचा शिक्का पुसल्याला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

इकडे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि १९६१ साली त्या राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात जमातीऐवजी व्यक्तीची नोंद व्हावयाची होती, हा फरक कागदावर मोठाच. तरीही कारागृहांच्या नियमावल्यांत विमुक्त, म्हणजे कायदा रद्द झाल्याने त्या शिक्क्यातून सुटलेल्या, जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार समजण्याची तरतूद तग धरून राहिली. सर्वोच्च न्यायालयाकडून ती घटनाबाह्य ठरण्यास ३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस उजाडावा लागला.